नूर ए दर्या, अवतरणात

गुरव रत्नागिरीला बदलून गेले,
त्यांची स्क्रिप्ट बर्फ कारखान्यात राहिली.
महिनाअखेरीला मी एक बटण दाबायचे,
पावत्या निघायच्या, मी सही करायचे.
आत काय चालतं, देवाला ठाऊक.

साखरी नाट्यात सहानंतर क्रशर बंद होतो,
कानात मात्र तासभर फिरत राहतो.
तेवढ्या वेळात मी शिकायला बसले.
शिकवायला होडेकरांचा अफान,
पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष, मिसरूड अजून ठरत नाहीये.
माऊस त्याने खणात टाकला.
म्हणाला, मावशी, आता नुसतं बोलायचं त्याच्याशी.

पहिल्या दिवशी पीडब्ल्यूडी.
मी हसले. आमच्याकडे पीडब्ल्यूडी म्हणजे
जैतापूरच्या वळणावर सांडलेली खडी.
हे पीडब्ल्यूडी निदान विचारलं तर सांगतं
आपण कुठे उभे आहोत.
सीडी आणि दोन टिंबं: एक पायरी वर.
टच: हात लावला की कोरी वही.
कॅटपुढे बांगड्याची फाईल ठेवली,
मांजरीने ती एका दमात सगळी ओकली.

उभी दांडी मला लगेच कळली.
धक्क्यावर बायका रांगेने उभ्या राहतात,
पाटी या हातातून त्या हातात,
एकीने निवडायचं, एकीने लावायचं, एकीने मोजायचं,
मधे कुणी पाटी खाली ठेवत नाही.

अकराव्या दिवशी जुन्या फाईली काढायला गेले.
आरएम, चांदणी, टिंब, टीएक्सटी.
चांदणी आणि टिंब यांच्या मधे
अंगठा स्पेसबारला टेकला.
इतकंच.
यंत्राने एका अक्षराने विचारलं नाही.
खालच्या ओळीवर कर्सर लुकलुकत राहिला.
एलएस.
पुन्हा एलएस.
अफानने खुर्ची ओढली, बराच वेळ बोलला नाही,
मग म्हणाला, इथे कचऱ्याची टोपली नसते, मावशी.

ऑगस्ट ते जानेवारी.
पावतीपुस्तकांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले,
आकडे तेवढे शाबूत.
चार रात्री मी ते परत टाईप केले,
मीठ लागलेल्या कीबोर्डवर, जिथे नऊ दोनदा उठतो.
एक एक होडी नावाने, हाताने.
आणि म्हणून चौथ्या रात्री यादी पाहताना थबकले:
नूर.
ए.
दर्या.
‘ए’ नावाची होडी आमच्या बंदरात नाही.

गुरवांची स्क्रिप्ट उघडली, आता वाचता येत होती.
सोळाव्या ओळीत नाव उघडं पडलेलं,
मोकळी जागा दिसली की ती तोडत होती.
एका होडीच्या तीन होड्या,
तिघींना पेटीभाडं, दीडशे, दीडशे, दीडशे,
सहा महिने,
आणि तिन्ही पावत्यांवर सही माझी.

मी नावाच्या दोन्ही अंगांना अवतरण चिन्हं घातली,
पुढचा दोर, मागचा दोर.
चालवली. म्हणाली, परवानगी नाही.
नवी फाईल, तिला चालायचा हक्कच दिला नव्हता.
सीएचमॉड. परत चालवली.
नूर ए दर्या, एक.

सकाळी हसनमियाँ सोलकर लाद्या न्यायला आले.
मी सांगितलं, अठराशे रुपये सोसायटी देणं लागते तुम्हाला.
त्यांनी खिशातून पावत्यांची जाड घडी काढली,
सगळ्या जपलेल्या, तीन तीन टाचून.
मग बोलला का नाहीत?
म्हणाले, मला वाटलं, सरकारचा काही नवा नियम असेल.

चेअरमन ठराव करतील, चेक निघेल, पंधरा दिवस लागतील, मी म्हटलं.
ते उन्हाकडे बघत म्हणाले,
तोवर बर्फच दे.
आणि हो, ‘नूर’ वेगळं लिहू नकोस आता.